गावकीचा वकील

आमच्या पाखाडीत, ह्या कोळ्यांच्या वस्तीत, माणसानं वकील निवडायचा नसतो. गावकी निवडते. लग्नाची तारीख गावकी ठरवते, पालखीचा मान गावकी ठरवते, कुठल्या दिवशी जाळं टाकायचं नाही तेही गावकी ठरवते, मग वकील काय आभाळातून पडणार? पन्नाशीला आले मी, नलू, पण आपल्या माणसासाठी आपण वकील शोधायचा असतो हे मला नवरा आत गेल्यावर कळलं. आणि कळलं तेव्हा तळपायाची आग मस्तकात गेली.

झालं ते असं. बुधवारी सकाळी बाहेरचा एक ट्रॉलर कोळंबीच्या मागं लागून पार किनाऱ्यालगत आला आणि त्यानं आमच्या तीन घरांच्या जाळ्यांच्या चिंध्या केल्या. असं झालं की ज्यांच्या होड्या पाण्यात असतील त्या सगळ्यांनी निघायचं, हा गावकीचा नियम. आमची होडी निघाली. तिच्यावर चौघं. होडी हाकणारा तांडेल, म्हणजे माझा नवरा सदा. माझ्या दिराचा मुलगा निकेश. म्हातारा खलाशी रंगू. आणि चौथा मितेश. हा मितेश काही आमचा खलाशी नव्हे. गावकीचा अध्यक्ष बाळाजी, त्याचा हा एकुलता एक. त्यांच्या होडीचं इंजिन किनाऱ्यावर खोलून पडलं होतं, म्हणून बाळाजीनं पोराला आमच्या होडीवर चढवला. सदाला विचारलंसुद्धा नाही.

ट्रॉलरला घेरलं, शिव्यागाळी झाल्या. ट्रॉलरवरच्या एका खलाशानं ट्रॉलरला अडकवलेला आमचा दोर सोडवायला आमच्या होडीवर उडी मारली. मितेशनं आमच्याच इंजिनाचा लोखंडी हॅन्डल उचलला आणि त्याच्या डोक्यात घातला. ऋत्विक नाव त्या पोराचं, बावीस वर्षांचा. कवटीला तडा गेला. मुंबईला न्यावं लागलं. जगला, देवाची कृपा. ट्रॉलरवाल्यांना आमची तोंडं ओळखीची नव्हती, त्यांनी पोलिसांना फक्त होडीचा नंबर दिला.

हे मला निकेशनं सांगितलं, त्याच दुपारी, चुलीपाशी उकिडवा बसून. सांगताना दात वाजत होते त्याचे. सांगितलं आणि सासुरवाडीला पळाला. रंगूला विचारलं तर म्हणाला, "माझी पाठ व्हती, मला काय दिसलं न्हाय." सगळ्या पाखाडीला ठाऊक, पण तोंडानं कोणी बोलेल तर शपथ.

आता सदाचं ऐका. आमच्यात एक रीत आहे. होडीवर जे होईल त्याचा धनी तांडेल. माझ्या सासऱ्याच्या होडीवरून एक खलाशी पाण्यात पडून मेला. सासरा त्याच्या बायकोच्या दारात जाऊन उभा राहिला, "माझ्या व्हडीवर झालं, माझं," म्हणाला, आणि तिची पोरं मोठी होईपर्यंत तिच्या घरी मासळी पोचवत राहिला. कोणी ढकललं, पाय कसा सरकला, एका शब्दानं कोणी विचारलं नाही. ह्या रीतीवर आमची माणसं मान ताठ करून चालतात. सदानं तीच रीत पोलीस ठाण्यात नेली! साहेबानं विचारलं, कोणी मारलं? तर हा भोळा सांब म्हणतो, "व्हडी माझी. व्हडीवर जे झालं त्याचा धनी मी." लिहिणाऱ्यानं लिहिलं, मी मारले. ह्यानं न वाचता सही ठोकली. झाला आरोपी. सोमवारपर्यंत पोलीस कोठडी.

गुरुवारी दुपारी देवळाच्या ओट्यावर गावकी बसली. बायकांनी बसायचं नसतं, आम्ही मागं विहिरीपाशी उभ्या. सकाळचा जवळा उन्हात पसरून मी तशीच गेले होते, हाताला वास, मानेवरून घामाच्या धारा. ऑक्टोबरचं ऊन नुसतं भाजून काढत होतं.

बाळाजीनं घसा साफ केला. "सदानं गावाची लाज राखली. तांडेल असावा तर असा. आता आपन अलिबागचे केतन वकील लावू. जेट्टीच्या भानगडीत त्यांनीच आपल्याला सोडवलं. एक गाव, एक वकील, एक तोंड. कुनी येगळं बोलायचं न्हाय."

सगळ्यांच्या माना हलल्या. मी मागून बोलले. बोलायचं नसतं, पण माझं तोंड मासळीबाजारात तयार झालंय, ते कोणाच्या बापाला भीत नाही.

"बाळाजीभाऊ, सदानं मारलं का, असं सदाला कुनी इचारलं का?"

माझ्या शेजारी बाळाजीची बायको सखुबाई उभी होती. तिनं पदर तोंडात धरला. सखू आणि मी बोर्ली पंचतनच्या बाजारात पंचवीस वर्षं शेजारी शेजारी पाट्या लावतो, एक लघवीला गेली की दुसरी तिचं गिऱ्हाईक धरून ठेवते. त्या दिवशी तिनं माझ्याकडं बघितलं नाही.

"नलू, गावकीत बायांनी बोलायचं न्हाय," बाळाजी म्हणाला. "आन् सदानं स्वता सही केलीया. तू काय त्याच्यापेक्षा शानी?"

हसले मेले. ज्यांची जाळी वाचवायला माझा नवरा गेला तेच हसले.

शुक्रवारी केतन वकिलाची गाडी बाळाजीच्या दारात लागली. मला बोलावणं आलं. ओटीवर खुर्च्या होत्या चार, मी खाली पायरीपाशी उभी. वकिलाचा शर्ट पांढराफेक, हातात दोन फोन. एकावर बोलायचा आणि दुसऱ्यात बघायचा.

"सोमवारी कोठडी संपते," तो बाळाजीला सांगत होता. "कोर्टात उभं करतील. तिथं तो म्हणेल, मला जबाब द्यायचाय. मॅजिस्ट्रेटसमोर एकदा कबूल केलं की विषय संपला. रागाच्या भरात झालं, चूक झाली, एवढंच. सहा महिन्यांत माणूस घरी. तुमच्या बाकीच्या पोरांच्या मागं ससेमिरा नको."

बाकीची पोरं! नाव घ्यायची सोय नव्हती, पण सगळ्यांना कळत होतं कोणतं पोर ते. मितेश तेव्हा आतल्या खोलीत होता. त्याचा मोबाईल वाजल्याचं मी ऐकलं.

"साहेब," मी म्हटलं, "पन त्यानं मारलंच न्हाय."

वकिलानं पहिल्यांदा माझ्याकडं पाहिलं. "ही कोण?"

"सदाची बायको," बाळाजी म्हणाला.

"अच्छा. हे बघा बाई, तुम्हाला मासळी कळते, मला कायदा कळतो. तुम्ही घर सांभाळा." आणि लगेच बाळाजीला, "हिला नीट समजावा. ही बाहेर बडबडली तर अवघड जाईल." उठला, गाडीपर्यंत गेला, दार उघडलं आणि काहीतरी आठवल्यासारखा वळला. "बाई, सुरमई आहे का ताजी? असली तर एक द्या साफ करून. डिकीत बर्फ आहे."

मी दिली. ही गोष्ट मला अजून डाचते. माझ्या नवऱ्याला आत घालायचा बेत माझ्यासमोर झाला, आणि मी घरी जाऊन, विळीवर बसून, लिलावात घेतलेली एकुलती एक सुरमई खवलं काढून, तुकडे करून, पिशवीत भरून त्या गाडीत ठेवली. हातांना सवय लागलेली असते, कोणी मासळी मागितली की विळीवर बसायचं. गाडी गेल्यावर मी विळी अशी आपटली की तिचं पातं वाकलं.

संध्याकाळी माझी मनाली घरी आली. दिवेआगरच्या एका होमस्टेमध्ये खोल्या झाडायला जाते ती, बारावी झालेली. चादरी पिळून पिळून बोटांची कातडी गेलेली, तरी आल्याबरोबर तिनं पसरलेला जवळा गोळा करायला घेतला. मी तिला सगळं सांगितलं. ती म्हणाली, "आये, वकील आरोपीचा असतो. गावाचा नसतो. बाबा म्हनाला की मला दुसरा पायजे, तर दुसरा देता येतो."

"आन् गावकी?"

"गावकी जानारे का जेलात?"

पोरीचं बोलणं कानाखाली बसल्यासारखं लागलं मला. तिची आई म्हणवते मी, आणि हे मला सुचू नये!

शनिवारी पाटी डोक्यावर घेऊनच निघाले. बाजार चुकवला असता तर दुपारच्या आत बाळाजीला कळलं असतं. बोर्लीत दहापर्यंत बांगडे संपवले, उरलेले बोंबील पाटीत तसेच ठेवले आणि हरेश्वर वकिलांकडं गेले. म्हातारा माणूस, त्यांच्या घरी मी तीस वर्षं मासळी देते. माझ्या लग्नाचा दाखलासुद्धा त्यांनीच काढून दिलेला.

त्यांनी पाणी दिलं, सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, "गावकीचं पत्र आणलंयस?"

"न्हाय."

"मग नलू, माझ्यानं होणार नाही. तुझी केस घेतली की तुमच्या बंदरावरचं एक काम माझ्याकडं येणार नाही. वारसनोंदी, खरेदीखतं, सगळं त्या बाळाजीच्या हातात. ह्या वयात मला ते झेपायचं नाही." डोळे खाली घालून बोलले. "श्रीवर्धनला जा. तिथं कोर्ट आहे, वकील पुष्कळ आहेत."

खोटं तरी बोलले नाहीत. पण तीस वर्षं माझ्या हातची पापलेटं खाल्ली की हो तुम्ही! असं म्हणावंसं वाटलं. म्हटलं नाही. एसटी पकडली.

श्रीवर्धनला कोर्टासमोर काचेचं दार असलेलं एक ऑफिस. बाहेर बोर्ड, अल्पेश असं नाव आणि त्यापुढं पदव्यांची ओळ. शिपायानं मला दारातच अडवलं. "ती पाटी बाहेर ठेवा मावशी, एसी आहे, वास बसतो." पाटी बाहेर ठेवली. आत भिंतीभर फोटो, हा वकील ह्या पुढाऱ्याबरोबर, त्या पुढाऱ्याबरोबर, हारासकट.

"काळजीच सोडा," मी अर्धं सांगितलं नाही तोवर तो म्हणाला. "शंभर टक्के सुटका. सोमवारी आत, मंगळवारी बाहेर. साहेब आपलेच आहेत."

"कंचे साहेब?"

"ते तुम्हाला काय करायचंय? मावशी, माझ्याकडं आलेला माणूस आत राहत नाही, कोणालाही विचारा."

मी म्हटलं, "साहेब, आरोपीचं नाव काय?"

त्यानं समोरची वही उघडली, त्यात काही लिहिलेलंच नव्हतं. "सांगा ना," म्हणाला.

मी उठले. बाजारात जी बाई ताजी ताजी म्हणून घसा फाडते ना, तिच्या पाटीतलं कालचं असतं. हे मला कळायला कायदा शिकावा लागत नाही. बाहेर आले तर पाटीपाशी दोन कुत्री. सहा बोंबील नेले होते भडव्यांनी.

उन्हात उभी राहून मी कोर्टाच्या फाटकाकडं बघत होते. काळे कोट आत जात होते, बाहेर येत होते. माझ्या मनात आलं, ह्यातला कोणता? मासा असता तर कल्ला वर करून बघितला असता. माणसाचा काय वर करणार? शेवटी कोपऱ्यावरच्या झेरॉक्सवाल्याला विचारलं, "दादा, तुमच्याकडं रोज वकील येतात. कागद नीट वाचून झेरॉक्स काढनारं कोन हाय?"

तो हसला. "वरती जिन्यानं जा. प्राप्तीमॅडम. एक पान वाकडं निघालं तर परत काढायला लावतात, वैताग आहे नुसता."

जिना लाकडी, कठडा हलणारा. वर एक खोली, पंखा, कागदांचे गठ्ठे. तिशीची एक बाई डबा खात होती. सुकटीचा वास आला. मला बघून तिनं डबा बाजूला सारला.

"पाटी आत घ्या. खाली कुत्री आहेत," ती म्हणाली.

मी बसले आणि सांगायला लागले, ट्रॉलर, जाळी, गावकी. तिनं मध्येच हात वर केला. "थांबा. आधी एक सांगा. तुमच्या नवऱ्यानं मारलं का?"

चार दिवस झाले होते. पोलीस, गावकी, तीन वकील. एवढा साधा प्रश्न विचारायला कोणाची जीभ वळली नव्हती, आणि तो ऐकायला मला एसटी करून श्रीवर्धनला यावं लागलं! रडू नाही आलं मला, संताप आला. टेबलावर हात आपटून मी म्हटलं, "न्हाय! न्हाय मारलं!"

"तुम्ही होडीवर होतात?"

"न्हाय."

"मग तुम्हाला कसं माहीत?"

निकेशचं सांगितलं. रंगूचं सांगितलं. तांडेलाची रीत सांगितली. तिनं सगळं लिहून घेतलं, मितेशचं नाव दोनदा विचारून घेतलं. मग केतन वकिलाचा बेत सांगितला, तेव्हा तिची लेखणी थांबली.

"सहा महिने? असं म्हणाले ते?" तिनं एक जाड पुस्तक ओढलं, पान काढलं आणि माझ्याकडं फिरवलं. मला सगळं वाचता येत नाही, म्हणून बोट ठेवून वाचून दाखवलं. "घातक हत्यारानं गंभीर दुखापत. कमीत कमी एक वर्ष. पुढं दहा वर्षांपर्यंत, नाहीतर जन्मठेप. सहा महिने ह्यात कुठंच नाहीत."

मला ती सुरमई आठवली.

"आता नीट ऐका," ती म्हणाली. "पोलिसांपुढं दिलेली कबुली कोर्टात पुरावा म्हणून चालत नाही. ती सही केली म्हणून घाबरू नका. पण मॅजिस्ट्रेटसमोर, समजून उमजून, मीच मारलं म्हणाले, तर मग मी काय, कोणीही आलं तरी कठीण."

"तुम्ही सोडवाल का त्याला?"

"ते मी सांगू शकत नाही. सोमवारी जामीन होईल असंही नाही. बहुतेक अलिबागच्या जेलमध्येच पाठवतील."

"तुमी लहान हाव. अशा केसी किती केल्यात?"

"अशा चार. दोघं सुटले. एक चालू आहे. एकाला शिक्षा झाली, पाच वर्षं."

शिक्षा झाली तेही सांगितलं! कोणी विचारलं होतं का? फीचंही तिनं आधीच सांगून टाकलं, किती आणि कशाकशाची. मी तिथंच ठरवलं. पण ती म्हणाली, "तुम्ही ठरवून नाही चालत. आरोपी ते आहेत. वकीलपत्रावर सही त्यांची लागते. उद्या मी तुमच्याबरोबर ठाण्यात येते."

रविवारी सदाचा डबा घेऊन आम्ही दोघी ठाण्यात गेलो. बाहेरच्या शिपायानं तिला तासभर बाकावर बसवून ठेवलं, साहेब नाहीत, साहेब जेवतात, साहेब येतील. ती गप्प बसली नाही. वकिलाला भेटू देत नाही असं लिहून द्या म्हणाली, कागद पुढं केला. मग साहेब लगेच सापडले.

सदा गजांपाशी आला. चार दिवसांची दाढी पांढरी वाढलेली. समुद्रावर राहिलेला माणूस असा भिंतीत कोंडला की वाळतो, त्याचे ओठ फुटले होते. मी डबा दिला. त्यानं उघडला नाही.

"ह्या कोन?"

"तुझ्या वकील."

"माझा वकील गावकीनं दिलाय. त्याच्या कागदावर सही झाली माझी." त्यानं हात मागं घेतले. "नलू, तू गावकी सोडून वकील आनलास? मी तांडेल हाय. माझ्या व्हडीवर झालं."

"मितेश तुझा खलाशी हाय? तू घेतलास त्याला व्हडीवर? बाळाजीनं चढवला, तुला इचारलं न्हाय."

"चढवला न् मी उतरवला न्हाय. मंग माझाच."

"आरं, वरीस न्हाय, दहा वरसं टाकतील तुला! जन्मभर टाकतील! मनालीचं लगीन कोन करनार, बाळाजी?"

त्यानं मान खाली घातली. असा राग आला मला, की गज नसते तर दोन ठेवून दिल्या असत्या. ह्या माणसाशी भांडून काही उपयोग नसतो, वाऱ्याशी भांडावं तसं. मग मी आवाज खाली केला.

"सदा, व्हडी धक्क्याला लागली की मासळीला तू हात लावतोस?"

त्यानं वर बघितलं. "न्हाय."

"का?"

"ती तुझी."

"भाव कोन करतं? गिऱ्हाईक कोन निवडतं? तीस वरसांत एकदा तरी तू मला सांगितलंस, नलू, ह्याला दे न् त्याला देऊ नको?"

"न्हाय."

"पानी तुझं, किनारा माझा. मी तुझ्या पान्यात कधी बोलले न्हाय. आता मला सांग, हे पोलीस ठानं पान्यात हाय का किनाऱ्यावर?"

माझ्या नवऱ्याच्या फुटलेल्या ओठांवर हसू आलं. त्याला ते दुखलं असणार. तो त्या बाईकडं वळून म्हणाला, "बाई, पन मी मितेशचं नाव घेनार न्हाय. माझ्या तोंडून न्हाय."

"घेऊ नका," प्राप्तीबाई म्हणाल्या. "ते शोधणं पोलिसांचं काम. तुम्ही फक्त जे केलं नाही ते केलं म्हणू नका. एवढंच."

त्यानं कागद भिंतीला लावून सही केली. मग डबा उघडला.

सोमवारी पाखाडीतली तीसेक माणसं टेम्पोनं कोर्टात आली. सदाला निरोप द्यायला आल्यासारखी, टोप्या घालून. बाळाजी पुढं. सखूही आली होती, ती मागं बाकाच्या टोकाला. मी आणि मनाली भिंतीपाशी उभ्या. सदाला आणलं, हातात बेडी. बाळाजीनं त्याच्याकडं बघून मान हलवली, शाबास म्हणाल्यासारखी. मला वाटलं जाऊन ती मान धरावी.

केतन वकील उठला. "महोदय, आरोपीला स्वेच्छेनं जबाब द्यायचा आहे."

प्राप्तीबाई उठल्या. आपला कागद पुढं केला. केतन वकील त्यांच्याकडं बघून हसला आणि म्हणाला, आरोपीचं वकीलपत्र आधीच माझं आहे. मागं आमची माणसं कुजबुजायला लागली. "ही पोरगी कुठून आली?" कोणीतरी म्हणालं. "नलूनं आनली," दुसरं कोणी.

न्यायाधीश साहेबांनी सदाला विचारलं, "तुमचे वकील कोण?"

सदाला घाम फुटला होता. तीस माणसं त्याच्या पाठीवर बघत होती, ज्यांच्याबरोबर तो जन्मभर पाण्यात गेला ती. त्यानं बेडीचे हात वर केले आणि प्राप्तीबाईंकडं दाखवले. "ह्या बाई."

"तुम्हाला काही जबाब द्यायचाय? तुमच्यावर सक्ती नाही."

"न्हाय साहेब." मग थांबून, मोठ्यानं, "मी मारलं न्हाय."

बाळाजी बाकावरून अर्धा उठला. शिपायानं त्याला खाली बसवलं.

प्राप्तीबाईंनी एकच गोष्ट पुढं ठेवली. होडीवर चार माणसं होती. सहा दिवसांत बाकी तिघांपैकी एकालाही विचारलेलं नाही, का? साहेबांनी पोलिसांकडं पाहिलं. पोलिसांनी कागद चाळले, पुढचे मागचे. मग साहेबांनी काहीतरी लिहायला सांगितलं, आणि मला त्यातलं एवढंच कळलं की तिघांनाही आता चौकशीला बोलावणार.

पण सदाला घरी सोडलं नाही. जेलात पाठवला. जामिनाचं गुरुवारी बघू म्हणाले. बाईंनी आधीच सांगितलेलं होतं. गाडीचं जाळीदार दार त्याच्यावर लागलं. न केलेल्या गुन्ह्याला माणूस गाडीत, आणि करणारा घरात मोबाईल बघत! गाडी गेली. मनाली तिच्या मागं रस्त्यापर्यंत धावली.

बाळाजी माझ्यापुढं येऊन उभा राहिला. सगळी माणसं त्याच्या मागं.

"नलू, आजपासून तुमची व्हडी गावकीत न्हाय. धक्क्यावर तुला कुनी मासळी देनार न्हाय. लग्नाला न्हाय, मयताला न्हाय."

"लिहून दे," मी म्हटलं. "सही कर खाली. वाळीत टाकायला पन आता कायदा हाय, माझी वकील आतच हाय, बोलवू?"

तो वळला. केतन वकील गाडीत बसत होता, बाळाजीनं त्याला गाठलं. मला ऐकू येत होतं. "साहेब, मितेशचं आता तुम्हीच बघा."

"नाही जमणार हो," वकील दार ओढत म्हणाला. "मी सदाचं वकीलपत्र घातलं होतं. आता त्याच प्रकरणात तुमच्या मुलाकडून उभा राहिलो तर माझीच सनद अडचणीत येईल. दुसरा बघा कोणीतरी."

गाडी गेली. बाळाजी धुळीत उभा. टोप्या घातलेली माणसं एकमेकांची तोंडं बघत टेम्पोकडं निघाली.

मी कोर्टाच्या पायरीवर बसले होते. कोणीतरी शेजारी येऊन बसलं. सखू. चार दिवसांत पहिल्यांदा माझ्या इतक्या जवळ.

"नलू," ती म्हणाली, "चांगला वकील कसा शोधायचा गो?"

मी भडकले. "तुला लाज न्हाय? तुझ्या पोरासाठी माझा नवरा जेलात गेला. गावकी बसली तेव्हा तू माझ्या शेजारी उभी व्हतीस, एक शब्द बोलली न्हायस. पंचवीस वरसं एका गोणपाटावर बसलो आपन. आन् आता मला इचारतेस?"

ती रडली नाही, उठली नाही. पदर बोटांत पिळत राहिली. "मला दुसरं कुनी न्हाय इचारायला."

तिकडून टेम्पोचा हॉर्न वाजला. बाळाजीनं हाक मारली, "सखू, चल!" सगळी माणसं वर चढून आमच्याकडं बघत होती. ठाण्यातला तो लिहिणारा हवालदारही पायरीच्या कडेला विडी ओढत उभा होता.

मला तिचा राग आला होता, खरंच आला होता. पण तिचं तोंड बघून माझ्यानं उठवेना. "वकील कुठलाबी मिळंल," मी म्हटलं. "पन कुठल्याबी दारात गेलीस तरी आधी तुला इचारतील. मितेशनं मारलं का?"

हॉर्न पुन्हा वाजला. "सखू!"

"व्हय," सखू म्हणाली, आणि मग तिनं मान वर केली आणि टेम्पोपर्यंत ऐकू जाईल अशी ओरडली, "व्हय, मारलं! माझ्या पोरानं मारलं!"